चावडीवरचा फलक

“कोणी शे का आठे?”

खेळात शिरले की नाना पहिल्यांदा हेच टाइप करत. कोणी आहे का इथे? उत्तर नाही आलं तर पाच मिनिटं थांबत, पुन्हा एकदा विचारत आणि मगच पुढे चालू लागत.

खेळ माझा होता. जळगावात, पिंप्राळ्याच्या घरी, नोकरी सांभाळून मी तो हौसेनं बनवला होता. त्यात चित्र नाही, संगीत नाही. पडद्यावर नुसती मराठी वाक्यं येतात: ‘तू नदीकाठी उभा आहेस. उत्तरेला जंगल आहे.’ तुम्ही ‘उत्तर’ असं लिहिलंत की जंगलात पोचलात. त्या वेळी आणखी कोणी जंगलात असेल तर त्याच्याशी बोलता येतं. आजकाल असलं कोण खेळतं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचे. मग एका दुपारी फोन आला.

“नमस्कार ताई. मी तुमच्या गुहेतून बोलतोय.”

खेळाच्या पानावर माझा नंबर होता. बोलणारे गृहस्थ धुळ्याच्या एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होते. जन्मापासून दृष्टी नव्हती. पडद्यावरचा मजकूर त्यांचा कॉम्प्युटर त्यांना वाचून दाखवायचा. चित्रांच्या खेळात त्यांना शिरताच येत नसे, माझ्या खेळात येत होतं. हे मी ठरवून केलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला सुचलंही नव्हतं.

“गुहेत शिरलं की तुम्ही सांगता, ‘काळोख आहे, काही दिसत नाही.’ बाकीचे म्हणे मागं फिरून कंदील शोधतात. मी आपला तसाच चालत गेलो. खजिना सापडला. ठेवू ना?”

त्या दिवसापासून मी त्यांना नाना म्हणू लागले.

नाना दुपारच्या सुट्टीत, डबा खाता खाता खेळत. बाकीचे खेळाडू संध्याकाळी येत. खेळाच्या नोंदी मला दिसायच्या. रोज दुपारी त्यांचा तो एक प्रश्न, आणि त्याखाली काही नाही.

“ताई, एक फलक लावा,” एकदा ते म्हणाले. “तुमच्या खेळातल्या गावात चावडी आहे ना, तिथं. आज मी लिहून जाईन, उद्या कोणी येऊन वाचेल. वेळ जुळायला नको.”

“मोबाइलवर ग्रुप आहे की आपला.”

“तिथं सगळे पडद्याचे फोटो टाकतात. माझा फोन म्हणतो, ‘फोटो.’ पुढं काय?”

मी “करते” म्हणाले आणि तीन महिने जंगलासाठी नवे राक्षस बनवत बसले. नानांनी पुन्हा विषय काढला नाही. शेवटी मलाच लाज वाटली आणि एका रविवारी मी फलक बसवला. शोभा यावी म्हणून प्रत्येक निरोपाभोवती रेघांची आणि चांदण्यांची चौकट काढली.

सोमवारी दुपारी फोन. “ताई, फलक ऐकला. डॅश डॅश डॅश डॅश, स्टार स्टार स्टार. मध्ये कुठं तरी मजकूर असावा असा अंदाज आहे.”

मी चौकट काढून टाकली. मग मात्र चावडी भरली. जामनेरची एक परिचारिका रात्रपाळीवरून सुटली की सकाळी लिहायची, त्यावर नाना दुपारी उत्तर द्यायचे. कोणी काही लिहिलं की त्याखाली त्यांचा एक शब्द यायचाच: “ऐकलं.” ‘वाचलं’ त्यांनी कधी लिहिलं नाही.

पुढे त्यांनी फलकावर जंगलाच्या वाटा लिहायला घेतल्या. पाण्याचा आवाज कुठल्या हाताला ठेवायचा, पायाखाली पाला लागला की किती पावलं मोजायची, असं. माझ्या खेळात आवाज नव्हता की पाला नव्हता. ते सगळं त्यांनी घातलं. दीड वर्षात चाळीसेक लेख झाले. नवे खेळाडू त्यावरूनच जंगल पार करत.

“वाचले का ताई?” ते विचारत.

“दोन-तीन वाचले. बाकीचे सवडीनं एकदम वाचणार आहे.”

“वाचा, वाचा. ते कुठं पळतात!”

मग मी खेळ दुसऱ्या सर्व्हरवर हलवला. खेळाडू नेले, गावं नेली, राक्षस नेले. फलकाची फाइल वेगळ्या जागी होती, ती राहिली. तपासून न पाहता मी जुना सर्व्हर त्याच दिवशी पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी चावडीत गेले तर फलक कोरा. त्यावर मी लिहिलं: ‘तांत्रिक कारणामुळे जुने निरोप उपलब्ध नाहीत. क्षमस्व.’

दुपारी फोन आला. नाना फोनवर नेहमी शुद्ध बोलत. त्या दिवशी पहिला प्रश्न अहिराणीतच आला.

“बठ्ठं गयं?” सगळं गेलं?

“हो नाना. सर्व्हरमध्ये बिघाड झाला. तुमच्याकडे प्रत असेल ना?”

“मी तिथंच लिहायचो. चावडीवरच्या कागदाची प्रत कोण ठेवतं?”

तीस वर्षं ज्यानं लोकांचे नुसते आवाज ऐकले, त्याला माझ्या आवाजातलं खोटं कळलं नसेल असं मला वाटत नाही. “बरं,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. एरवी समोरच्यानं ठेवल्याशिवाय ते ठेवत नसत.

त्यानंतर ते दोन-चारदा आले. लिहिलं काहीच नाही. मग यायचे बंद झाले. फोन करावा असं मला रोज वाटायचं, आणि काय बोलायचं हे ठरेना म्हणून मी तो रोज पुढे ढकलला. पुढे नंबरही लागेना.

आठ महिन्यांनी एका साखरपुड्याला धुळ्याला गेले तेव्हा त्यांच्या कार्यालयात गेले. टेलिफोनच्या खोलीत आता फायलींची कपाटं होती. तिथला कारकून म्हणाला, “निवृत्त झाले ते. दोंडाईचाला बहिणीकडे राहतात.” मग माझ्याकडे नीट बघून त्यानं विचारलं, “तुम्ही त्या खेळवाल्या ताई का? डबा खाताना रोज सांगायचे आम्हाला, आज आमच्या चावडीवर अमक्यानं हे लिहिलं, तमकीनं ते लिहिलं. आम्हाला वाटायचं, गावाकडच्याच गप्पा आहेत.”

बहिणीचा पत्ता त्याच्याकडे होता. त्यानं तो कागदावर लिहून दिला. धुळ्याहून दोंडाईचाला एसटी जाते, अंतरही फार नाही. स्टँडवर ती गाडी समोर उभी होती. कंडक्टरनं “दोंडाईचा, दोंडाईचा” असं दोनदा ओरडून विचारलं. मी जळगावची गाडी धरली.

जामनेरच्या परिचारिकेनं नानांची एक वाट वहीत उतरवून ठेवली होती. ती तिनं परवा फलकावर लिहिली. तेवढी मी वाचली, सावकाश, दोनदा. मग त्याखाली लिहिलं, बिघाड कसलाही नव्हता, नाना, चूक माझी होती.

फलकावरचे किती निरोप कुठल्या खेळाडूनं अजून उघडलेले नाहीत, हे खेळ चालवणाऱ्याला दिसतं. नानांच्या नावापुढे एकशे सहा होते. माझा धरून एकशे सात झाले.