अण्णांचा महाल

अण्णा ज्याच्यावर खूश असत त्याला शिव्या घालत आणि ज्याच्यावर मनापासून चिडत त्याला 'अहो' म्हणत. कळंबला नव्यानं आलेल्या माणसाला हे उलटं शास्त्र कळायला दोन-चार महिने लागत. मला वर्ष लागलं. तोवर मी या म्हाताऱ्याचा मनोमन द्वेष करत होतो, आणि पुढंही तो द्वेष पुरता गेला असं म्हणवत नाही. अशी माणसं फणसासारखी असतात, वरून काटे आणि आत गरे, असं लिहायची पद्धत आहे. आमच्या भागात फणस होत नाही, बाभळी होतात. अण्णा आतबाहेर बाभूळ होते.

ते नाटकाचे पडदे रंगवत. निजाम जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि गावोगावची तरुण मंडळी जत्रेला नाटक बसवायला लागली होती. नाटक म्हटलं की एक जंगल, एक रस्ता आणि एक महाल एवढे तीन पडदे लागत, आणि भूमपासून पार तुळजापूरच्या अंगापर्यंत पडदा म्हटला की लोक अण्णांकडे येत. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या पत्र्याखाली मांजरपाटाचं शिवलेलं कापड जमिनीवर अंथरायचं, चपला बाहेर काढायच्या आणि कापडावर उकिडवं बसून काम करायचं. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. हौस म्हणून गेलो आणि अडकलो.

कापडावर आम्ही चौघं असायचो. अण्णा रेघा मारत आणि महाल काढत. आभाळ आणि पाणी चांदभाईंचं. ते कापड रंगवणारे जातिवंत रंगारी, पण गिरणीची लुगडी बाजारात आल्यापासून त्यांची भट्टी थंडावली होती. नीळ आणि चिकट सरस पाण्यात कालवून ओल्या फडक्यानं ते असं आभाळ ओढत की वर बघून छत्री शोधावी. झाडं आणि वेली सोनाबाईच्या. ती बाजारात बांगड्या भरायची आणि नागपंचमीला घरोघरी भिंतीवर नाग काढून द्यायची. चौथा मी, पायऱ्यांचे दगड भरणारा. ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा पास होऊन मला दगड मिळाले होते. तक्रार केली तेव्हा अण्णा म्हणाले, "पास झालेला हात हाय तुझा, गाढवा. त्येला दगडच पेलतील."

त्या कापडाचा एक कायदा होता. एकाचं काम झालं की दुसऱ्यानं त्यात हवा तो बदल करावा, विचारू नये. पहिल्याच आठवड्यात मी दोन दिवस खपून एका पायरीवर सावली टाकली. तिसऱ्या दिवशी बघतो तर सावलीवरून सोनाबाईची वेल गेलेली. मी संतापलो. निदान सांगायचं तरी, असं म्हणालो. सोनाबाई पुढचं पान भरत राहिली. अण्णांनी तंबाखू मळता मळता निकाल दिला, "वल्लं हाय तवर तुझं. वाळलं की कुनाचंबी न्हाय." मी चपला घालून घरी आलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो, कारण वेलीमुळं पायरी खरंच चांगली दिसत होती आणि त्याचाच मला जास्त राग आला होता.

अण्णांनी कुणाच्या कामाला चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही. एखादी गोष्ट पसंत पडली की ते तिच्याकडे बघून नाकानं हुं करत आणि पुढं सरकत. चांदभाईंना आठवड्याला एखादा हुं मिळे. सोनाबाईला जास्त मिळत. मला चार वर्षांत एक मिळाला, तोही बहुधा सर्दीचा असावा. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा या माणसाच्या तोंडून एकदा तरी बरा शब्द निघावा म्हणून मी जिवाचं रान करत होतो. पुढं जे झालं त्याचं मूळ त्या हपापलेपणात आहे.

महाराष्ट्र नवा झाला होता आणि जिल्ह्याच्या गावी, उस्मानाबादेत, लोककलेचं एक प्रदर्शन भरायचं होतं. त्यासाठी मुंबईहून एक साहेब वस्तू निवडत फिरत होते. माणूस सज्जन, गांधी टोपीतला, बोलायला मऊ. त्यांनी भूमकडच्या एका गावासाठी नुकताच झालेला महालाचा पडदा पसंत केला. मग वही काढून ते अण्णांसमोर मांडी घालून बसले. समूहानं केलेली कला हा त्यांच्या आवडीचा विषय होता.

"या पडद्याची मूळ कल्पना कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"गावाची. राजा पायजे म्हनले. राजाला घर लागतं."

"काम करताना तुम्ही चौघं आपसांत चर्चा करता?"

"भांडतो."

"आणि मतभेद झाले तर?"

"झाले तरच काम हुतं. न्हाय झाले तर ह्यो मास्तर झोपी जातो."

"यातला कुणाचा भाग कोणता, ते सांगाल का?"

"सांगून काय करताव? आभाळ कापून न्हेनार हाव?"

साहेब लिहीत होते. त्यांनी चांदभाईंना विचारलं की आभाळाचा रंग कसा सुचतो. चांदभाई म्हणाले, "सुचता कायको साहेब, बालदीत रहता." सोनाबाईकडे वळले तेव्हा ती बांगड्यांची पेटी उचलून बाजाराला निघून गेली. साहेबांचं समाधान झालेलं दिसलं. ही खरी सामूहिक सृष्टी आहे, यात 'मी' कुठंच नाही, असं ते मला जाताना म्हणाले आणि एक छापील कागद माझ्या हातात ठेवला. त्यावर वस्तूचं नाव, गावाचं नाव आणि कलाकाराचं नाव अशा तीन ओळी होत्या. कलाकारासाठी एकच ओळ होती. मी ती दाखवली तेव्हा साहेब म्हणाले, "मुख्य माणसाचं लिहा. नावाशिवाय वस्तू मांडता येत नाही."

मी घरी बसून, चांगलं अक्षर काढून, त्या ओळीवर अण्णांचं पूर्ण नाव लिहिलं. स्वतःचं लिहायचा मोह झाला होता, तो आवरला आणि आवरल्याबद्दल स्वतःची पाठही थोपटली. चांदभाई आणि सोनाबाईची आठवण आली नाही असं नाही. आली, पण ओळ एकच आहे असं म्हणून मी ती बाजूला सारली. हे नाव भल्या मोठ्या हॉलात लागलेलं बघून म्हातारा निदान हुं तरी करील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही चौघं सकाळच्या एस्टीनं उस्मानाबादला गेलो. शाळेच्या हॉलात समोरच्या भिंतीवर आमचा पडदा, आणि खाली पुठ्ठ्याची पाटी. पाहुणे, शिक्षक, कचेरीतली मंडळी अशी बरीच गर्दी होती. सोनाबाई दारातच थांबली. अण्णांचं शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालेलं, बाळबोध अक्षरं ते बोट ठेवून वाचत. पाटीपुढं उभं राहून त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवत स्वतःचं नाव मोठ्यानं वाचलं. मग बोट पुढं सरकवलं. पुढं काही नव्हतं.

"बाकीचं कुठं हाय?" त्यांनी साहेबांना विचारलं.

साहेब हसून म्हणाले, "मुख्य कलाकाराचं नाव असतं, अण्णा. तुमचाच मान आहे."

"ह्ये कुनी लिवलं?"

मी पुढं झालो. मी लिहिलं, असं अभिमानानंच सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही जरा बाजूला व्हा."

ते 'तुम्ही' ऐकून मी बाजूला झालो. अण्णांनी दोरी सोडून पडदा खाली घेतला, फरशीवर अंथरला, चपला काढल्या, शिपायाच्या हातातला पाण्याचा तांब्या घेतला, खांद्यावरचा रुमाल त्यात भिजवला आणि मधोमध बसून महाल पुसायला सुरुवात केली. सरसाचा रंग तो, पाणी लागलं की सुटतोच. आधी कमान गेली, मग खांब, मग वरचा कळस. वेलीच्या एका पानाला त्यांनी धक्का लावला नाही. आभाळाच्या कडेला आले की बोटानं रुमालाचं टोक धरून कोपऱ्याकोपऱ्यानं पुसत. साहेबांनी धावत येऊन त्यांचा हात धरला.

"हात काढा साहेब," अण्णा म्हणाले. "म्या माझंच पुसतोय. तुमच्या पाटीवर हाय की, माझं म्हनून."

चांदभाई "अण्णा, छोडो, जाने दो" म्हणत होते. अण्णा उठले तेव्हा पडद्याच्या मधे दोन पुरुष उंचीचा पांढरा, गढूळ डाग होता. "आता ह्यात म्या न्हाय," ते म्हणाले. "काढा पाटी." पाटी काढावी लागली. पडद्याची गुंडाळी खांद्यावर टाकून ते दारापर्यंत गेले आणि तिथून मला सांगितलं, "मास्तर, हितनं म्होरं तुम्ही आमच्या कापडावर पाय ठिवू नका."

मीही काही कमी आडमुठा नाही. चारचौघांत, साहेबांदेखत माझी अब्रू गेली होती. ज्याचं नाव मोठं करायला गेलो त्यानंच माझ्या थोबाडीत मारली, असं मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटलो. सहा वर्षं आम्ही एका गावात राहिलो आणि बोललो नाही. बाजारात समोर आले की ते "नमस्कार मास्तर, बरे आहात ना?" असं अगदी शुद्ध विचारत. त्यापेक्षा त्यांनी थुंकलेलं परवडलं असतं. जिनिंगवरून जाताना पत्र्याखाली भांडणाचा आवाज आला की मी सायकल जोरात मारत असे. त्या भांडणात मला कुणी घेत नव्हतं, आणि ते मला फार लागलं होतं. पडदा भूमकडच्या त्या गावानं तसाच नेला होता. महाल परत काढायला अण्णांनी साफ नकार दिला होता, म्हणून दर जत्रेला तिथला राजा त्या डागासमोर उभा राहून हुकूम सोडी.

अण्णा गेले तेव्हा मी मातीला गेलो. मनाशी ठरवलं होतं की रडायचं नाही, आणि रडलो नाही. पंधरा-वीस दिवसांनी चांदभाई शाळेत आले. त्या गावानं पडदा दुरुस्तीला पाठवला होता. ते म्हणाले, "चलो मास्तर, सोनाबाई बुला रही." मी तसाच निघालो.

पत्र्याखाली पडदा अंथरलेला होता. मी कडेला चपला काढल्या, तरी पाय टाकायला धजत नव्हतो. तिथूनच म्हणालो, "मधला महाल मी काढतो. अण्णांची रेघन् रेघ माझ्या डोळ्यांपुढं आहे. तसाच्या तसा काढतो."

सोनाबाईनं कुंचला बुडवला आणि डाव्या बाजूची वेल सरळ त्या पांढऱ्या डागात ओढत नेली. मी न राहवून कापडावर गेलो आणि तिचा हात धरला. "अहो, ती अण्णांची जागा आहे."

"जागा कापडाची हाय, मास्तर," ती म्हणाली. मी तिला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "त्या मानसानं जलमभर दुसरं काय सांगितलं? महाल करून ठिवला की पुन्ना त्येचंच नाव घेतील समदे. सोडा हात. दगडाचा रंग घ्या अन् खालनं या."

चांदभाईंनी वरून आभाळ सोडलं होतं. ते ओलं फडकं ओढत खाली आणत होते, सोनाबाई दोन्ही बाजूंनी पानं भरत आत येत होती, आणि मी खालून एकेक पायरी वर चढवत होतो. दुपार टळेपर्यंत डाग मूठभर उरला. ती मूठभर जागाही भरत आली तेव्हा मला कळलं की अण्णांचं आता इथं काही राहणार नाही, आणि ते आमच्याच हातानं जातंय. मी कापडावर उकिडवा बसल्या बसल्या रडायला लागलो.

"तोंड उधर करो, मास्तर," चांदभाई म्हणाले. "नीळ वल्ली हाय. डाग पडंल."

मी तोंड वळवून बाहीनं डोळे पुसले आणि पुढच्या दगडाला हात घातला.