देवाच्या रानातली काठी

"थांब तिथंच! उंबऱ्यात पाय टाकू नको!" काकी अंगणातून ओरडली. काकीचा आवाज म्हणजे म्हसा गावच्या जत्रेतला भोंगा. तीन गावांचे बैल दावं तोडून उधळले असतील.

मी हातातल्या काठीकडे पाहिलं. सकाळी झाडांची नोंद करायला शहरातून एक बाई आल्या होत्या, त्यांना मी देवराई दाखवायला नेलं होतं. त्यांना शब्दाचा अर्थ हवा होता. मी प्रवचनच झोडलं. आमराईतली राई तीच ही, राई म्हणजे दाट झाडी, देवाच्या नावानं राखली म्हणून देवराई. आमच्याकडे नुसतं 'देवाचं रान' म्हणतात आणि 'देवराई' हा शब्द मी स्वतः शाळेच्या पुस्तकात वाचला, एवढं मात्र गिळून टाकलं. इथलं वाळकं पानही बाहेर न्यायचं नाही, हे सांगतानाच उतारावर घसरलो, आधाराला सुकी काठी उचलली आणि टेकत टेकत थेट घरी आलो.

"घरात सून दिवस भरलेली, आन तू देवाचं लाकूड घेऊन आलास? जा, जिथलं तिथं ठेव. एकट्यानं."

दारात बायको पोटाला हात लावून उभी होती. एरवी माझ्या फजितीवर पहिली हसणारी ती. आज हसली नाही. मी काठी घेऊन आल्या पावली रानाकडे वळलो.

उन्हं कलायला अजून वेळ होता, पण रानात कधीच संध्याकाळ झालेली. गारंबीच्या वेली हत्तीच्या सोंडेएवढ्या. बरं, सोंडेएवढ्या नसतील, मांडीएवढ्या तरी होत्याच. काठी कुठून उचलली ते आठवेना. खाली तशा हजार काठ्या पडलेल्या. इतक्यात झुडपात काहीतरी खाकरलं. दुसरी वेळ असती तर तुम्हाला मी वाघाच्या मिशा मोजून सांगितल्या असत्या. खरं म्हणजे मी मान वर केलीच नाही.

"देवा, राग माझ्यावर काढ," मी पुटपुटलो, "तिच्यावर नको." अंदाजानं काठी ठेवली आणि पळालो.

घरी आलो तेव्हा काकी तांदूळ पाखडत होती. श्वास जागेवर येईपर्यंत मी ओट्यावर बसलो. मग विचारलं, "काकी, याआधी ज्यानं काठी नेली, त्याच्या घरात काय झालं गो?"

सूप न थांबवता ती म्हणाली, "याआधी कुणी नेलीच नाय."