आमची बैठक वाचली

आमचे हे कोर्टात नाझर होते. घर खाली करायचा हुकूम निघाला की माणसं घेऊन जायचे, भांडीकुंडी बाहेर काढायचे, कुलूप लावायचे. त्या घरचा चहासुद्धा कधी घेतला नाही. नोकरी संपल्यावर लोकांनीच निवडणुकीला उभं केलं आणि मग वॉर्डाने त्यांना सोडलंच नाही. महापालिकेत पार्षद झाले तरी आमच्या ब्राह्मणपाऱ्यात सगळे त्यांना नाझरसाहेबच म्हणत. मीही कमी मिरवले नाही. भाजीवाला आधी माझी पिशवी भरायचा आणि मला ते बरं वाटायचं.

रायपूर राजधानी झालं आणि जुने रस्ते सगळ्यांना अरुंद वाटायला लागले. आमची गल्ली रुंद करायचं ठरलं. लाल रंगाची खूण आमच्या भिंतीवर पडली, म्हणजे अर्धी बैठक जाणार. मी रडले, मग मनाची तयारी केली. आठवड्याभरात ती खूण पुसली गेली आणि समोरच्या घरावर उमटली. समोरच्या ताई पुढच्या खोलीत शिवणकाम करायच्या. नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यात छाती खराब करून घरी बसलेला. त्या मशीनवरच त्यांचं घर चालायचं.

"काहून हो, खूण तिकडं कशी गेली?" मी यांना विचारलं.

"नकाशात तसंच आहे," म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. अरे, बायकोला तरी खरं सांगावं माणसानं. मी दोन दिवस बोलले नाही, तर त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

समोरची खोली पडली. मशीन मागे स्वयंपाकघरात गेली, गॅसच्या शेजारी. तिथवर कापड घेऊन कोण जाणार? गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. मला गल्लीतून जाताना मान वर करवत नव्हती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन मी त्यांच्याकडे गेले, ती शिव्या खायलाच. दोन शिव्या दिल्या असत्या तर जरा मोकळं वाटलं असतं. पण त्या म्हणाल्या, "येतो न वहिनी. दरवर्षीच तर येतो."

आणि आल्या. मी हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. त्या वयाने माझ्या मोठ्या नणंदेएवढ्या, दरवर्षी मीच त्यांच्या पाया पडते. मी वाकणार तेवढ्यात त्याच वाकल्या. बायकांनी भरलेल्या बैठकीत त्यांनी माझ्या पायांना हात लावला.

"साहेबाले सांगा न वहिनी. पोट्ट्याचं कोर्टात कुठं जमते का पाहा म्हणा. आता घरात तोच एक कमावता होईल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी झटक्यात पाय मागे ओढले. त्या बिचाऱ्या दचकल्या, तिळगुळाची पुडी हातात घट्ट धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"माह्यं काही चुकलं का वहिनी?" त्यांनी विचारलं.