कुंदाताईंचं ऐकणारा माझा नवरा

समोर पुरुष आला की कुंदाताई आधी त्याला तोंड उघडायला लावत. दूधवाला असो की सोयरीक घेऊन आलेला पाहुणा. "आपली तीन बोटं उभी तोंडात घाला," त्या म्हणत. "नाई गेली तं पानठेला बंद अन् दवाखाना चालू." अमरावतीत त्या आमच्या शेजारी राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मला त्या आवडत नसत. माझे यजमान सुधाकरराव लग्नाआधीपासून खर्रा खायचे. मी अबोला धरला, पुड्या नालीत फेकल्या, मुलीची शपथ घातली. "सोडतो ना," म्हणत ते गालात सुपारी-तंबाखूचा तोबरा भरून बाहेर पडायचे. एका सकाळी कुंदाताईंनी त्यांना कुंपणापाशीच गाठलं. बोटं दोनच गेली. आत गालाला पांढरा चट्टा होता. "सुधाकरभाऊ, गाडी काढा. मी बी येते." आणि या माणसानं मुकाट्यानं गाडी काढली.

चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर नव्हता; पण खर्रा सुटला नाही तर व्हायला वेळ लागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. यांनी त्या दिवसापासून पुडीला हात लावला नाही. तलफ आली की कुंदाताईंच्या ओसरीवर जाऊन लवंग चघळत बसायचे. भेटेल त्याला सांगायचे, "ताईनं वाचवलं मले." इतकी वर्षं मी घसा कोरडा केला, तो कुणाच्या खात्यात? ताईंनी दिलेली लवंगांची डबी मी मुद्दाम वरच्या फळीवर ठेवली. यांनी स्टूल आणून काढली.

मग कुंदाताई अकोल्याला मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या. भांडी बांधू लागताना माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमचं बरं आहे ताई. तुमचं एका शब्दात ऐकलं त्यांनी."

त्यांचा हात थांबला.

"बाहेरचीचं आयकतेत वं मानसं. माह्या मालकाले मी का कमी सांगतलं? गालाले गाठ आली तरी 'उद्या सोडतो' म्हनत गेले. तवा एखादी शेजारीन आली असती, अन् त्यायनं तिचं आयकलं असतं, तं..." त्यांनी सुतळीची गाठ आवळली. "मले बी तिचा लय राग आला असता. पन मानूस घरी असता."

बाहेर हे टेम्पोवाल्याशी मोठमोठ्यानं बोलत होते. मी तो आवाज ऐकत उभी राहिले.