बाईंना विचारा

शाळेत नऊ वर्षं इंग्रजीचं व्याकरण शिकवून बाई एका वॉशिंग मशीनच्या कंपनीत आल्या. परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी रेकॉर्डिंगवर ऐकायच्या आणि तिकडच्या मेकॅनिकसाठी दोन ओळी टाइप करायच्या, एवढंच काम. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं ‘मशीन इज पँट्स’ ऐकून लिहिलं, ‘मशीनमध्ये पँट अडकली आहे.’ मेकॅनिक तासभर पँट शोधत बसला. बाईंनी उलगडा केला: तिकडच्या बोलीत पँट्स म्हणजे भिकार. ‘पॅक्ड इन’ म्हणजे खोक्यात भरलं नव्हे, बंद पडलं. ‘डक’ म्हणणारी म्हातारी बदक म्हणत नाही, लाडानं बाळा म्हणते.

“बाई, तुम्हाला हे कळतं कसं?”

“सासरचे टोमणे कळायला वर्ष लागलं होतं. त्या मानानं हे सोपं आहे.”

तेव्हापासून मजल्यावर एकच वाक्य झालं: बाईंना विचारा. सगळी अडलेली रेकॉर्डिंग त्यांच्याकडे यायला लागली. कानांवर हेडफोनचे वळ उठले. खिडकी होती, पण ती जिन्यात उघडायची.

चौथ्या वर्षी जुन्या शाळेतून निरोप आला, जागा रिकामी आहे, एक तारखेला या. मात्र आधीच्या नोकरीतून सोडल्याचं पत्र लागेल. बाई साहेबांकडे गेल्या.

“तुमच्याइतकं समजणारं माणूस तयार करा आणि खुशाल जा,” साहेब म्हणाले.

बाईंनी दोघींना शिकवलं. एक पंधरा दिवसांत पळाली, दुसरी तीन आठवड्यांत. एक तारीख जवळ येत चालली. मग बाईंच्या मनात आलं, आपल्यालाच समजेनासं झालं तर साहेब आपणहून सोडतील. एका गिऱ्हाईक बाईनं ‘मशीन्स नॅकर्ड’ अशी तक्रार केली होती. म्हणजे पार कामातून गेलंय. बाईंनी टाइप केलं, ‘मशीन ठीक आहे.’

आठ दिवसांनी तीच गिऱ्हाईक बाई पुन्हा रेकॉर्डिंगवर आली. नवरा अंथरुणाला खिळलेला, रोजच्या चादरी ती हातानं धूत होती. ती चिडली नव्हती. म्हणाली, ‘आय’म नॅकर्ड, लव्ह.’ या वेळी शब्द मशीनसाठी नव्हता. मी पार थकलेय गं, असं ती सांगत होती.

बाईंनी हेडफोन काढला, पुन्हा घातला, तक्रार नीट टाइप करून वर ‘तातडीचं’ लिहिलं आणि साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“मागची चूक माझी आहे. मुद्दाम केली होती.”

बाईंना वाटलं, आता तरी काढतील. साहेबांनी चष्मा पुसला.

“दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. म्हणूनच तर तुम्हाला सोडवत नाही.” आणि त्यांनी आणखी एका देशाची रेकॉर्डिंग बाईंच्या नावावर टाकली.

शाळेतली जागा भरली गेली. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, “काय झालं?”

“काही नाही. बढती मिळाली,” बाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या.

नवऱ्यानं पेढे आणू का विचारलं.