तीनदा मोजणारे भाऊजी

स्वतःच्या कामावर आमच्या भाऊजींइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नव्हता, आणि हे मी सख्ख्या मेहुण्याच्या अधिकाराने सांगतो. ऐंशीच्या दशकात सोनोग्राफीची यंत्रं शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक भाऊजींच्या दवाखान्यात. लोक पडद्याला हात जोडत आणि भाऊजी त्यांना सांगत, "हे मशीन अंदाज सांगते गा. देव नाही ते." कुणी पोटातल्या अवयवाचं आकारमान विचारलं की त्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा होई. अर्ध्या-अर्ध्या इंचावर ते त्या अवयवाचे आडवे काप पडद्यावर घेत, बटरपेपरवर गिरवत, त्याबरहुकूम पुठ्ठे कापत आणि एकावर एक चिकटवून अख्खं यकृत उभं करत. मग ते सोनाराच्या तराजूत तोलायचं आणि वजनावरून आकारमान काढायचं. हे सगळं तीनदा. तिन्ही आकडे कधी जुळत नसत. पेशंटने श्वास जरा कमी रोखला, की यकृत पावशेराने फुगलंच! भाऊजी तिन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून खाली सही ठोकत. बाकीचे डॉक्टर वैतागत, "अहो, एक काहीतरी सांगा नं!"

"एक सांगितलं तं खोटं होईन," भाऊजी म्हणत.

खरं-खोटं पारखायला दर रविवारी सक्करदऱ्याच्या खाटकाकडून बोकडाची अख्खी कलेजी येई. आधी ती पाण्याच्या टबात ठेवून यंत्राने मोजायची, मग काठोकाठ भरलेल्या पातेल्यात बुडवून सांडलेलं पाणी मोजायचं. पातेलं अर्थातच ताईचं, आणि ताई कांदासुद्धा न खाणारी. "माह्या सैपाकघराचा खाटिकखाना केला या माणसानं!" असं ती गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणे, आणि पुढच्या रविवारी पातेलं घासून स्वतःच काढून ठेवी.

मग ताईच्याच यकृतात गाठी निघाल्या. मोठ्या डॉक्टरांनी जालीम औषध सुरू केलं. यकृत आटलं तर औषध चालू ठेवायचं. वाढलं तर उपयोग नाही, बंद. सारी भिस्त मापावर. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाकडून मोजून घेऊ.

"दुसरा एकदाच मोजन," भाऊजी म्हणाले.

पहिल्या महिन्यात एक आकडा कमी आला, एक जास्त, एक होता तेवढाच. मी संतापलो. औषधाने ताईचे केस गेले होते, अन्न पोटात ठरत नव्हतं, आणि हा गृहस्थ पुठ्ठे कापत बसला होता! पण भाऊजी त्या दिवशी खुशीत होते. नक्की काही नाही, म्हणजे अजून आशा आहे, एवढंच त्यांना त्यातून दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही. दुसऱ्या महिन्यातही तसंच झालं.

तिसऱ्या महिन्यात मी तिथेच होतो. "श्वास रोख वं," भाऊजी म्हणत आणि ताई रोखून धरी. नंतर दुपारभर ती खुर्चीत डोळे मिटून बसली आणि ते पुठ्ठे कापत राहिले. तिसरं यकृत तराजूत ठेवलं, आणि आधीच्या दोघांना लागलेली वजनंच त्यालाही लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिन्ही आकडे जुळले. तिन्ही वाढलेले होते. भाऊजींनी जेलची बाटली उचलली.

"अजून एकदा निज," ते म्हणाले.

ताईला सगळं कळलं होतं. ती मुकाट्याने टेबलावर आडवी झाली, आणि त्यांनी सांगायच्या आधीच तिने श्वास रोखून धरला.