कृष्णकांतभाऊंची शिफारस

आमच्या बोईसरच्या औषध कारखान्यात कृष्णकांतभाऊ राऊत पॅकिंग खात्याचे प्रमुख आहेत. जवळच्या उमरोळी गावचे, घरची आंब्याची वाडी असलेले. मनाने मऊ, पण कौतुक म्हणून तोंडातून निघायचं नाही. मुलगा जिल्ह्यात पहिला आला, तर हे गावभर ‘पास झाला’ एवढंच सांगत फिरले. चांगल्याला चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, हा त्यांचा पक्का समज. एका पाहुण्याने त्यांच्या आंब्याची वाहवा केली आणि पुढच्याच वर्षी मोहोर गळला. भाऊंचा त्या पाहुण्यावर अजून राग आहे.

त्यांच्या हाताखालच्या मेघालीला एमबीए करायचं होतं, तेही नावाजलेल्या कॉलेजात. प्रवेशपरीक्षेत गुण उत्तम पडले. सारखी अडणारी पॅकिंग लाइन तिने सगळ्या कामगारांना बरोबर घेऊन कशी सुरळीत केली, यावरचा निबंध तिने इतक्यांदा लिहिला की मलाही पाठ झाला. उरली फक्त साहेबांची शिफारस. भाऊंनी ती हौसेने ऑनलाइन भरली आणि चहाच्या वेळी समाधानाने तिला सांगितलं, “सगळीकडं ‘साधारण’वर खूण केलीय. नजर नको लागायला.”

मेघालीचा चेहराच उतरला. तिथे साधारण म्हणजे अर्ज बाद, हे तिने रडत रडत समजावलं. त्या दिवशी भाऊंनी डबा उघडलासुद्धा नाही. मला त्यांचा संताप आला होता, पण त्यांची अवस्था पाहून कीवही आली.

दुपारी त्यांनी कॉलेजला फोन लावला. मेघालीला बाहेर पाठवलं. मी मात्र समोरच होतो. “मॅडम, मी चुकीचं भरलंय,” ते म्हणाले. “आमच्याकडं पोरीचं असं उघड बोलत नाय. पण खरं सांगतो, हिच्यासारखं माणूस माझ्या हाताखाली दुसरं आलं नाय. ती सुट्टीवर असली की मी सुट्टी घेत नाय.” कपाळाला घाम फुटला होता. पलीकडच्या बाई हसल्या आणि त्यांनी दुरुस्तीचं पत्र पाठवायला सांगितलं. ते भाऊंनी एका बोटाने संध्याकाळपर्यंत टाइप केलं.

मे महिन्यात मेघालीची निवड झाली. निरोपाच्या दिवशी पेढे वाटून झाले, तरी भाऊ तिच्याकडे न बघता खोकी मोजत राहिले. शेवटी ती पाया पडायला वाकली, तेव्हा कसंबसं बोलले, “तुझ्या जागी मी दोन माणसं मागितलीत. तरी भागेल असं वाटत नाय.”